जीव धरणारी मेदपेशी

लायपोसक्शन, म्हणजे त्वचेखालील चरबी नळीवाटे शोषून काढण्याची शस्त्रक्रिया, बराच काळ केवळ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया म्हणून ओळखली गेली. पोट, कंबर किंवा मांड्या यांवरचा साठा कमी करणे एवढाच तिचा हेतू होता तोवर बाटलीत जमा झालेल्या पिवळ्या लगद्यातील पेशी शाबूत आहेत की फुटल्या आहेत, याची चौकशी करण्याचे कारण कोणालाच पडले नाही. मात्र तोच मेद त्याच व्यक्तीच्या खोल गेलेल्या व्रणाखाली, आजाराने बसलेल्या गालात किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर उणावलेल्या स्तनात भरण्याची पद्धत रूढ होऊ लागली, तेव्हा ही चौकशी अनिवार्य ठरली. कारण भरलेला मेद टिकायचा असेल तर त्यातील पेशी जिवंत असायला हव्यात, अन्यथा शरीर त्याला परके तेल समजून हळूहळू शोषून टाकते. याच सुमारास मेद सुटा करण्यासाठी ध्वनिकंपनांचा वापर सुरू झाला होता आणि त्यामुळे प्रश्नाला धार आली : जी ऊर्जा मेदाला त्याच्या जागेवरून मोकळे करते, तीच ऊर्जा मेदपेशीला जिवंत सोडते काय? या प्रश्नाचा मागोवा घेताना असे दिसून येते की पेशीचे जगणे एका यंत्रावर अवलंबून नसते, तर शरीरातून निघून पुन्हा शरीरात स्थिरावेपर्यंतच्या संपूर्ण प्रवासात ते टप्प्याटप्प्याने ठरत जाते.

मेदपेशीची घडण

आयुर्वेदाने शरीराच्या सप्तधातूंमध्ये रस, रक्त आणि मांस यांच्यानंतर मेदाला स्थान दिले आणि आजच्या जीवशास्त्रातही मेद ही केवळ अडगळ राहिलेली नाही. प्रौढ माणसाच्या त्वचेखालील पांढऱ्या मेदातील पेशीचा व्यास साधारणपणे ५० ते १५० मायक्रोमीटर असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या पेशीचा बहुतेक सगळा पोकळ भाग तेलाच्या एकाच मोठ्या थेंबाने व्यापलेला असतो, तर पेशीचे केंद्रक आणि तिचे जिवंत द्रव्य कडेला पातळ पापुद्र्यासारखे दबून राहिलेले असते. थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचे अस्तर असते आणि शरीराला ऊर्जेची निकड भासेपर्यंत ते तेलाचे विघटन रोखून धरते. जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेने १९९४ मध्ये मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढले आणि मेदपेशी मेंदूला साठ्याची वर्दी देणारी क्रियाशील पेशी आहे, हे स्पष्ट झाले.

या घडणीतच मेदपेशीचे दुबळेपण दडलेले आहे. तेलाने तट्ट फुगलेल्या पातळ पटलाला ओढ, घर्षण किंवा उष्णता फारशी सोसत नाही, आणि ते एकदा फाटले की आतील तेल बाहेर येऊन शेजारच्या पेशींनाही अपाय करते. शिवाय पूर्ण वाढ झालेली मेदपेशी विभागून स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करू शकत नाही. तरीही शरीरातील मेदपेशींची भरपाई होत असते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ती मोजली, ती एका अनपेक्षित साधनाने. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण वाढले व चाचण्या थांबल्यावर ते उतरत गेले. पेशी जन्मते त्या वर्षीचे प्रमाण तिच्या डीएनएमध्ये कायमचे नोंदले जात असल्याने पेशीचे वय काढता आले. त्यावरून असे आढळले की प्रौढपणी मेदपेशींची एकूण संख्या जवळजवळ स्थिर राहते, पण दरवर्षी त्यांतील सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्याने येतात. या नव्या पेशी केशवाहिन्यांच्या, म्हणजे केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांच्या, भोवती वसलेल्या मूलपेशींपासून घडतात. ही बाब पुढे मेदरोपणाच्या यशाचे गमक ठरणार असल्याने ती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

खरवडण्यापासून कंपनापर्यंत

मेद एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याची कल्पना लायपोसक्शनपेक्षा जुनी आहे. जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडातील मेदाचे लहान तुकडे चेहऱ्यावरील खोलगट व्रणाखाली बसवले आणि लहान तुकडे मोठ्यांपेक्षा चांगले तगतात, अशी नोंद केली. दोनच वर्षांनी व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी रुग्णाच्याच शरीरातील मेदाची निरुपद्रवी गाठ स्तनाच्या पुनर्रचनेसाठी वापरली. अमेरिकी शल्यविशारद लिंडन पीअर यांनी १९५० मध्ये रोपलेल्या मेदाचे वजन वर्षभराने पाहिले तेव्हा ते जवळजवळ निम्म्यावर आलेले होते. त्याआधी असे मानले जाई की रोपलेल्या सर्वच पेशी मरतात व यजमान शरीरातील पेशी त्यांचे तेल गिळून त्यांची जागा घेतात; पीअर यांनी उलट असे मांडले की उरलेला मेद हा जिवंत राहिलेल्या मूळ पेशींचाच असतो. या दोन मतांतील वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालला आणि त्याचा निवाडा कसा लागला, ते पुढे येईलच.

मेद काढण्याच्या तंत्राचा इतिहास मात्र एका दुर्घटनेने सुरू होतो. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल दुजारिए यांनी एका नर्तिकेच्या पायावरील मेद खरवडून काढण्याचा प्रयत्न केला, त्यात रक्तवाहिन्यांना इजा होऊन पाय कापावा लागला आणि त्यानंतर कित्येक वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही. १९७० च्या दशकात रोमचे अर्पाद आणि जॉर्जो फिशर या पितापुत्रांनी पोकळ नळीतून मेद ओढण्याची पद्धत आणली. १९७७ च्या सुमारास पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी नळीचे टोक बोथट केले व आधी त्या भागात द्रव सोडण्याची रीत पाडली, ज्यामुळे रक्तवाहिन्या आणि चेतातंतू तुटण्याऐवजी बाजूला सरकू लागले. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सलाईन, बधिरता आणणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनॅलीन यांचे सौम्य मिश्रण मोठ्या प्रमाणात सोडून तो भाग तट्ट फुगवला जातो, आणि त्यामुळे रक्तस्राव पुष्कळच कमी झाला. याच पाण्याने भरलेल्या ऊतीत ध्वनिकंपने सोडण्याचा प्रयोग इटलीत मिकेले झोकी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस केला आणि अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने होणाऱ्या लायपोसक्शनचा पाया घातला.

ध्वनीचे काम

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो आणि त्यापलीकडील ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी किंवा अल्ट्रासाउंड म्हणतात. गर्भवतीच्या सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला लाखो कंपनांचा असतो व तो केवळ प्रतिमा मिळवण्यासाठी असतो. मेद सुटा करणारा ध्वनी त्या मानाने फार कमी, म्हणजे काही दशसहस्र कंपनांचा असतो, पण त्याचा जोर मोठा असतो. ही कंपने निर्माण करण्यासाठी पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० च्या सुमारास दाखवून दिलेल्या गुणधर्माचा उपयोग होतो : काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो, आणि उलट त्यांना विद्युतपुरवठा केला की ते आकुंचन-प्रसरण पावतात. हे आकुंचन-प्रसरण धातूच्या बारीक सळईतून तिच्या टोकापर्यंत पोहोचते आणि टोक मिलिमीटरच्या अंशाइतके, पण अतिशय वेगाने, मागेपुढे होऊ लागते.

ऊतीत या कंपनांचे परिणाम तीन प्रकारचे होतात. पहिला परिणाम यांत्रिक असतो, म्हणजे टोकाचा प्रत्यक्ष धक्का लागतो. दुसरा उष्णतेचा असतो, कारण कंपनांची काही ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, बुडबुड्यांचा असतो. आधी सोडलेल्या द्रवात वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात, दाबाच्या चढउतारांबरोबर ते फुगत जातात आणि एका मर्यादेनंतर आतल्या आत कोसळतात; या क्रियेला गुहिकीभवन अशी संज्ञा आहे. मेदपेशींचे पुंजके एकमेकांना सैलसर चिकटलेले असतात व द्रव त्यांच्या फटींत सहज शिरतो, म्हणून बुडबुड्यांचे फुटणे तेथे पुंजक्यांना एकमेकांपासून विलग करते. रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि जोडतंतू मात्र कोलॅजेन या चिवट प्रथिनाने बांधलेले असल्यामुळे बऱ्याच अंशी बचावतात.

पहिल्या दोन पिढ्यांच्या यंत्रांत हे संतुलन साधले गेले नव्हते. जाड सळया किंवा पोकळ नळ्या, अखंड चालणारी कंपने आणि जास्त ऊर्जा यांमुळे त्वचा भाजणे, त्वचेखाली पाणी साचणे यांसारखे उपद्रव होत, आणि पेशी विलग होण्याऐवजी फुटून तेलाचा पायस तयार होई. मेद टाकूनच द्यायचा असल्याने त्या काळी हा दोष मानला जात नसे. उलट मेद पातळ होऊन निघतो, हाच त्या यंत्राचा गुण म्हणून सांगितला जाई. ध्वनीने काढलेला मेद रोपणाला निरुपयोगी, हा समज त्याच काळात मूळ धरून बसला आणि त्या यंत्रांपुरता तो निराधारही नव्हता.

इसवी सन २००० नंतरच्या तिसऱ्या पिढीत रचना बदलली. व्हेझर या नावाने परिचित झालेल्या यंत्रात सेकंदाला सुमारे ३६,००० कंपने देणारी, दोन ते चार मिलिमीटर जाडीची भरीव सळई वापरली जाते. तिच्या टोकाजवळ खाचा कोरलेल्या असतात, ज्यांमुळे ऊर्जा केवळ समोर एकवटण्याऐवजी बाजूंनाही पसरते आणि कमी ऊर्जेत काम भागते. कंपने अखंड न ठेवता तुकड्यातुकड्यांनी देण्याची सोय असल्याने ऊतीला मध्ये निवण्यास अवसर मिळतो. सर्वांत मोठा फरक असा की सुटे करणे आणि शोषून घेणे ही दोन कामे वेगळी झाली : सळई आधी मेद मोकळा करते, आणि नंतर वेगळ्या बारीक नळीने तो बेताच्या दाबाने ओढला जातो, म्हणजे घट्ट धरलेला मेद जोराने उचकटण्याची वेळ येत नाही.

जिवंत म्हणजे काय

पेशी जिवंत आहे असे म्हणताना नेमके काय मोजले, हे विचारणे येथे अगत्याचे आहे, कारण निरनिराळ्या चाचण्या निरनिराळ्या गोष्टी सांगतात. ट्रायपॅन ब्लू हे निळे रंजक शाबूत पटलातून आत शिरत नाही, म्हणून निळी झालेली पेशी मेलेली मानली जाते. पण ही चाचणी त्या क्षणी पटल अभंग आहे की नाही एवढेच सांगते, आणि इजा झालेली पेशी काही तासांनी मरणार असेल तर ते तिला कळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत पेशीला तेलाचे विघटन करण्याची चालना देतात आणि त्यातून ग्लिसरॉल किती बाहेर पडते ते मोजतात. येथे पेशी नुसती अखंड आहे की काम करते आहे, हे समजते. लगद्यात सुटे तेल किती तरंगते, हाही एक साधा पण बोलका निर्देशांक आहे, कारण ते तेल फुटलेल्या पेशींचेच असते. रोपणानंतर काढलेल्या नमुन्यात पेरिलिपिनचे अस्तर रंगवून पाहिले असता मेलेल्या पेशी रंग घेत नाहीत, आणि म्हणून वरकरणी गोल व भरलेल्या दिसणाऱ्या पण निर्जीव झालेल्या पेशीही ओळखता येतात.

अशा कसोट्या लावून मार्क शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिसऱ्या पिढीच्या अल्ट्रासाउंडने काढलेल्या मेदाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि काढल्यानंतर लगेच तपासलेल्या मेदपेशींपैकी सरासरी सुमारे ८५ टक्के जिवंत असल्याचे त्यांना आढळले. मूलपेशींविषयीचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. मेदातील मूलपेशी हाड, कूर्चा, स्नायू व मेद अशा अनेक प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकतात, हे पॅट्रिशिया झुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ध्वनीच्या साहाय्याने काढलेल्या आणि केवळ शोषणाने काढलेल्या मूलपेशींची हाड घडवण्याची क्षमता सारखीच आढळली, आणि २०१६ मध्ये डॉमिनिक डुशर व सहकाऱ्यांनीही या मूलपेशींची पुनर्निर्माणक्षमता ध्वनीमुळे उणावत नाही, असा निर्वाळा दिला. यावरून इतके निश्चित म्हणता येते की जुन्या यंत्रांवरून बनलेला समज नव्या यंत्रांना जसाच्या तसा लावणे योग्य नाही. मात्र येथे ‘काढल्यानंतर लगेच’ या शब्दांचे वजन विसरता कामा नये. सिरिंजमध्ये जिवंत असलेली पेशी शरीरात जगेलच, असे या आकड्यातून सिद्ध होत नाही. तिची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

दरम्यानच्या वाटेवरही धोके आहेतच. पूर्ण निर्वाताजवळ जाणाऱ्या दाबाऐवजी त्याच्या सुमारे एक तृतीयांश दाबाने मेद काढला असता जिवंत पेशी जास्त मिळतात, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे. लिडोकेन मेदपेशींच्या कार्याला काही काळ आळा घालते, परंतु धुऊन काढल्यावर पेशी पूर्ववत काम करू लागतात. न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत मेद मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने तीन मिनिटे अपकेंद्री यंत्रात फिरवतात. तेल वर येते, पाणी आणि रक्त तळाशी जाते आणि मधला घट्ट थर रोपणासाठी घेतला जातो. पुढे बारीक सुईतून मेद जोराने दाबला तर घर्षणाने पेशी फाटतात, म्हणून तो सावकाश सोडणे श्रेयस्कर ठरते. ध्वनीने वाचवलेली पेशी या प्रत्येक टप्प्यावर गमावली जाऊ शकते.

रक्ताविना पहिले दिवस

जिवंत ऊती एका जागेवरून दुसरीकडे न्यायची तर तिचा रक्तपुरवठा कसा राखायचा, हा पुनर्रचना शस्त्रक्रियेचा मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे एक जुने उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवर नोंदले गेले आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे चित्र व हकीकत छापली, त्याच्या कापलेल्या नाकाच्या जागी पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेचे नवे नाक घडवण्यात आले होते. त्या कौशल्याचे मर्म असे होते की कपाळाची त्वचा पुरती तोडून काढली जात नसे, दोन भुवयांमधील पट्टी जोडलेली ठेवून त्वचा खाली वळवली जाई, आणि नवी जागा तिला पोसू लागेपर्यंत जुन्या वाटेने रक्त येत राही. रोपलेल्या मेदाला असा देठ नसतो. तो शरीरापासून पूर्णपणे तुटलेला असतो, आणि नव्या जागेत केशवाहिन्या त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत भोवतालच्या द्रवातून पाझरून येणाऱ्या ऑक्सिजनवर व पोषणावर त्याला दिवस काढावे लागतात. पहिले दोन-तीन दिवस हा पाझरच त्याचा एकमेव आधार असतो.

कोकणातल्या भातलावणीचा व्यवहार या स्थितीशी मिळताजुळता आहे. रोप कितीही जोमदार असले तरी उपटल्यावर त्याची मूठ बांधावर उन्हात पडून राहिली तर ते मान टाकते. आणि चिखलात लावतानाही एका चुडात दोन-तीनच रोपे लावतात, कारण अख्खी मूठ एकाच जागी खोचली तर आतल्या रोपांना मातीच मिळत नाही. मेदाच्या बाबतीत मातीचे स्थान रक्त पुरवणाऱ्या ऊतीला आहे. ब्राझीलमधील कार्पानेडा आणि रिबेरो यांनी १९९३ मध्ये दाखवले की रोपलेल्या गोळ्याच्या कडेपासून साधारण दीड मिलिमीटर खोलीपर्यंतचाच मेद तग धरतो.

या एका मापाचा हिशेब मांडला की कुशल हात आणि उतावळा हात यांतील अंतर स्पष्ट होते. दहा मिलिलिटर मेदाचा एकच गोळा केला तर त्याची त्रिज्या सुमारे १३ मिलिमीटर भरते आणि कडेच्या दीड मिलिमीटरच्या थरात त्यातला जेमतेम ३० टक्के मेद येतो. उरलेला ७० टक्के मेद पोषणाच्या कक्षेबाहेर राहतो. एक मिलिलिटरच्या गोळ्यात हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या थोडे वर जाते. तोच एक मिलिलिटर मेद दीड मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबांत विभागला तर सुमारे ७० थेंब होतात, कोणत्याही थेंबाचा मध्यबिंदूही कडेपासून दूर राहत नाही, आणि भोवतालच्या ऊतीशी त्यांचा एकूण स्पर्श एका गोळ्याच्या चौपटीहून अधिक होतो. म्हणूनच मेद एका जागी ओतला जात नाही; बारीक नळी अनेक दिशांनी फिरवत, ती मागे घेताना प्रत्येक वाटेत थेंबाथेंबाने तो सोडला जातो. जागा मर्यादित असताना अधिक मेद कोंबला तर आतला दाब वाढून यजमान ऊतीच्या केशवाहिन्याच दबतात आणि भरपूर देण्याच्या हव्यासात थोडेही टिकत नाही.

मरणाऱ्यांची जागा घेणारे

पीअर आणि त्यांचे पूर्वसूरी यांच्यातील वादाचा निवाडा टोकियोतील कोतारो योशिमुरा, हितोमी एतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतर केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतून लागला, आणि तो दोन्ही पक्षांना अंशतः मान्य करणारा निघाला. रोपलेल्या मेदात त्यांना तीन थर दिसले. सर्वांत बाहेरच्या, सुमारे ३०० मायक्रोमीटर जाडीच्या थरात मूळ मेदपेशी जिवंत राहतात. त्याच्या आतील थरात मेदपेशी मरतात, पण मूलपेशी बचावतात. प्राणवायू तुटल्यावर मेदपेशी एक दिवसही धड काढू शकत नाही, तर मूलपेशी सुमारे तीन दिवस तग धरतात, आणि शेजारी मेलेल्या पेशींकडून आलेल्या इशाऱ्यांनी जाग्या होऊन पुढील तीन महिन्यांत नव्या मेदपेशी घडवतात. सर्वांत आतल्या थरात दोन्ही मरतात, तेथे तेलाची पोकळी किंवा व्रणतंतू उरतात. म्हणजे टिकलेल्या मेदापैकी काही भाग खरोखर स्थलांतर करून आलेला असतो, तर बराचसा भाग नव्या जागी पुन्हा जन्मलेला असतो. आणि ज्या यंत्रणेने दरवर्षी दहा टक्के पेशी बदलल्या जातात, तीच यंत्रणा येथे संकटकाळी वेगाने कामाला लागते.

या शोधाने ध्वनीविषयीच्या मूळ प्रश्नाचीही नव्याने मांडणी झाली. मेदपेशी किती वाचल्या हे महत्त्वाचे आहेच, पण त्याच्याइतकेच महत्त्वाचे आहे मूलपेशी आणि त्यांना धरून ठेवणारी केशवाहिन्यांची जाळी वाचणे. मूलपेशींचे हे महत्त्व आधीही सूचित झाले होते : व्हेरोनाचे जिनो रिगोत्ती यांनी २००७ मध्ये किरणोपचाराने होरपळलेल्या ऊतीत मेद सोडून ती सुधारल्याचे नोंदवले, तेव्हा भरावापेक्षा दुरुस्ती हा मेदाचा गुण पुढे आला.

मर्यादा आणि दक्षता

रोपलेल्या मेदापैकी किती टिकतो याची प्रसिद्ध झालेली प्रमाणे सुमारे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली आहेत. रुग्णाची प्रकृती, रोपणाची जागा, आधी झालेला किरणोपचार, धूम्रपान आणि शल्यविशारदाचा हात यांनुसार ती बदलतात, म्हणून ठरावीक टक्केवारीची हमी देणारी जाहिरात विश्वासार्ह मानू नये. न टिकलेल्या मेदाच्या तेलगाठी होतात आणि त्यांत कधी चुना साचतो. स्तनातील अशा चुन्याच्या ठिपक्यांमुळे कर्करोगाचे निदान चुकेल, या भीतीने अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये स्तनातील मेदरोपणाला विरोध केला होता. प्रतिमातंत्र सुधारल्यावर आणि अनुभव वाढल्यावर २००९ मध्ये त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने सावधपणे ती वाट पुन्हा खुली केली.

नितंबांत मेद भरण्याची शस्त्रक्रिया मात्र सर्वाधिक दक्षता मागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३,००० मागे एक इतके असू शकते असा अंदाज वर्तवण्यात आला, जे सौंदर्यशस्त्रक्रियेच्या मानाने भयावह आहे. स्नायूंतील मोठ्या शिरांत मेद शिरून तो फुप्फुसांत अडकतो, हे त्याचे कारण आढळले, आणि २०१८ पासून तज्ज्ञांच्या संघटनांनी मेद केवळ त्वचेखालीच सोडावा, स्नायूत नव्हे, असा स्पष्ट इशारा दिला. पेशी जगवण्याचा विचार माणूस जगवण्याच्या विचाराच्या नेहमी मागेच राहिला पाहिजे.

या साऱ्या ज्ञानाचा निष्कर्ष सामान्य वाचकाच्या कामी येईल असा आहे. ध्वनिकंपने संयमाने वापरली तर बहुतेक मेदपेशी व त्यांच्यासोबतच्या मूलपेशी जिवंत बाहेर येतात, एवढी ग्वाही आज देता येते. पण त्या पुढे जगतात त्या हळुवार हाताळणीवर, थेंबाथेंबाने केलेल्या रोपणावर आणि त्यांना सामावून घेणाऱ्या रक्तपुरवठ्यावर. म्हणून अशा शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने यंत्राच्या नावाची चौकशी करून थांबू नये. शल्यविशारदाचे प्लास्टिक सर्जरीतील शिक्षण कोणते आहे, मेद कोणत्या दाबाने काढला जाईल, तो किती वेळ बाहेर राहील, कोणत्या थरात व किती प्रमाणात सोडला जाईल, आणि काही भाग शोषला गेल्यास पुन्हा शस्त्रक्रिया लागेल काय, हे प्रश्न त्याने विचारावेत आणि त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय संमती देऊ नये.